फोन आधी खाली ठेवा

गेले दोन महिने या सदराकडे येणाऱ्या पत्रांतली निम्मी पत्रं एकाच गोष्टीची आहेत. व्हिडिओ कॉल. एका टोकाला ऐकू न येणारं माणूस, दुसऱ्या टोकाला ऐकणारं, दोघांकडे चांगले फोन, आणि तरी बोलणं होत नाही. माझे आईवडील दोघंही कर्णबधिर. मी ऐकणारी. सांगलीत वाढले, खुणांची भाषा आईच्या मांडीवर शिकले आणि आता २२ वर्षं पुण्यात दुभाषी म्हणून काम करते. म्हणून या वेळी फक्त याच विषयावरची चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : माझा नातू ११ वर्षांचा आहे. जन्मापासून ऐकू येत नाही. पुण्यात निवासी शाळेत असतो. दर रविवारी वॉर्डनबाई त्यांच्या फोनवरून व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल लावून देतात. मी मोठ्यानं, अगदी तोंड उघडून बोलते. तो नुसती मान डोलावतो, हसतो आणि दोन मिनिटांत फोन मित्राच्या हातात देऊन पळतो. तो माझ्यावर रुसलाय का?
– एक आजी, वाई

उत्तर : आजी, तो रुसलेला नाही. तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो मान डोलावतो. ही मान मी जन्मभर बघत आले आहे. माझे बाबा कंडक्टरपुढे, डॉक्टरपुढे, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यापुढे अशीच मान डोलवायचे. घरी आल्यावर मी विचारायची, काय म्हणाले ते? बाबा दोन्ही तळवे उघडून दाखवायचे. काही कळलं नाही.

मोठ्यानं, तोंड उघडून बोलण्यामागची तुमची माया मला कळते. पण ओठ ताणले की शब्दाचा आकारच बिघडतो. आणि ओठांवरून वाचणं लोक समजतात तितकं सोपं नसतं. एकदा आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता म्हणा : मामा. मग बाबा. मग पापा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. 'भात', 'माठ', 'पाट' यांचंही जवळपास तेच. क, ख, ग तर घशाशी होतात, बाहेर दिसतच नाहीत. समोरासमोर बसून ही तऱ्हा, तर वॉर्डनबाईंच्या हातातल्या फोनवर, हलणाऱ्या चित्रात, त्या मुलाला काय दिसणार?

तेव्हा पहिलं काम हे, की फोन हातात धरू नका. कशालातरी टेकवून उभा ठेवा. आपल्याकडच्या खुणांच्या भाषेत इंग्रजी मुळाक्षरं दोन्ही हातांनी दाखवतात. कितीतरी शब्दांनाही दोन्ही हात लागतात. एक हात फोन धरण्यात गेला की नातवाचं अर्धं तोंड बांधल्यासारखं होतं. होय, त्याच्याही बाजूला फोन टेबलावर उभा हवा. वॉर्डनबाईंना ही एकच विनंती करा आणि दोनऐवजी १५ मिनिटं मागा.

माझी आई फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवायची. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा फुकट झाला, आणि त्या दिवाळीत मी आईला तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीचा बेळगावचा नंबर शोधून दिला. तिशी उलटल्यापासून दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. आईनं डबा सरकवला, एक पाऊल मागे गेली, पदर खोचला आणि बोलायला लागली. गॅसवर भाजी होती. ती मी उतरवली. दोन तास स्वयंपाकघरात बांगड्यांचा आवाज येत होता, बाकी शांतता. टेलिफोनचं पेटंट घेणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची आई आणि बायको दोघीही कर्णबधिर होत्या. ते पेटंट १८७६ सालचं. माझ्या आईच्या उपयोगाचा फोन आमच्या ओट्यावर यायला त्यानंतर १४० वर्षं जावी लागली, आणि आला तेव्हा आईनं तो हातात धरला नाही, डब्याला टेकवला. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तर तुम्हीही एक पाऊल मागे बसा. डोक्यापासून कमरेपर्यंत, दोन्ही कोपरांसकट दिसायला हवं. खिडकी तुमच्या पाठीशी नको, तोंडासमोर हवी. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो. अंधाऱ्या खोलीत आणखी एक गोष्ट होते : उजेड कमी पडला की फोनचा कॅमेरा सेकंदाला कमी चित्रं घेतो आणि हात फरफटल्यासारखे दिसतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं १९९९ मध्येच याचं मोजमाप करून ठेवलंय. खुणांचं बोलणं नीट कळायला सेकंदाला निदान २० चित्रं लागतात, १२ च्या खाली गेलं की फार थोडं हाती लागतं. ऐकणाऱ्यांना चित्र अडकलं तरी आवाज मिळत राहतो. नातवाचं मात्र चित्र अडकलं की वाक्यच तुटतं. म्हणून वायफायजवळ बसा, आणि चित्र अडकलं तर मान डोलावू नका, हात हलवून थांबवा आणि पुन्हा विचारा. तुम्ही विचारलंत की तोही विचारायला शिकेल.

आता बोलायचं काय? तुमच्या पत्रात लिहिलंय, तुम्ही विचारता : जेवलास का, अभ्यास केलास का, अंघोळ केलीस का. आजी, ही प्रश्नपत्रिका झाली. त्याला काहीतरी दाखवा. फोन उचलून गच्चीवर न्या आणि वाळत घातलेल्या कुरडया दाखवा. मांजरीला पिल्लं झाली असतील तर तो पंधरा मिनिटं हलणार नाही. दाखवून झालं की फोन पुन्हा टेकवा, आणि मगच बोला. दाखवणं आणि बोलणं एकाच वेळी करू नका, त्याला दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकदम चौकटीत डोकावू नये. एक जण, मग दुसरा. मध्येच कुणी हाक मारली म्हणून तोंड फिरवलंत, तर त्याला ते भर वाक्यात फोन आपटल्यासारखं वाटतं. आधी त्याला हातानं 'थांब' सांगा.

आणि दर रविवारी त्याच्याकडून एक खूण शिका. मी मुद्दाम त्याच्याकडून म्हणते. 'साइन लर्न' नावाचं सरकारी ॲप आहे, दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश आहे, टीव्हीवर पीएम ई-विद्येची ३१ क्रमांकाची वाहिनी डिसेंबर २०२४ पासून खुणांच्या भाषेतच चालते. हे सगळं बघा. पण ११ वर्षांच्या मुलाला आजीचा गुरू व्हायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. खुणा गावागणिक, शाळेगणिक थोड्या बदलतात, त्याच्या शाळेतल्या त्यालाच माहीत. पहिल्या रविवारी त्याला विचारा, तुझ्याकडे माझं नाव काय आहे? कर्णबधिर मुलं आपल्या प्रत्येक माणसाला खुणेचं नाव ठेवतात. माझं नाव गालावर बोट टेकवून फिरवायचं, कारण तिथे मला खळी पडते. तुम्हालाही त्यानं केव्हाचं नाव ठेवलेलं असणार.

प्रश्न : मी २८ वर्षांचा आहे, पूर्ण कर्णबधिर, नाशिकमध्ये एका कंपनीत हिशेब विभागात. दर सोमवारी ऑनलाइन मीटिंग. १४ लोक. मी काही सांगायला हात वर करतो तेव्हा माझी चौकट स्क्रीनवर नसतेच. साहेब म्हणतात कॅमेरा चालू आहे ना, मग अडचण काय? नंतर मिनिट्स वाचा. मी काय मागू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अडचण अशी आहे की ही मीटिंगची ॲपं आवाजामागे धावतात. जो बोलेल त्याची चौकट मोठी होते. तुम्ही हातांनी बोलता, आवाज नाही, म्हणून ॲपच्या लेखी तुम्ही गप्प बसलेले असता. उलट कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली तर चौकट तिकडे जाते. म्हणून मीटिंग चालवणाऱ्याला सांगा की तुम्ही बोलताना तुमची चौकट सगळ्यांसाठी पुढे आणायची, आणि दुभाषी असेल तर त्याची चौकट तुमच्या स्क्रीनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पिन केलेली राहील. पार्श्वभूमी धूसर करायची सोय बंद ठेवा. ती बोटं खाते.

कॅप्शन मागा, पण त्यांच्यावरच विसंबू नका. आपल्या ऑफिसांत मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात असतं. 'ती क्रेडिट नोट अजून पोस्ट नाही केली का?' या वाक्याचं यंत्र काय करेल सांगता येत नाही. अँड्रॉइड फोनवर गूगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' मराठीत चालतं. दुसरा फोन लॅपटॉपच्या स्पीकरशेजारी ठेवून बरेच जण काम भागवतात. आकडे आणि माणसांची नावं मात्र चॅटमध्ये टाईप करून घ्याच.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त नडतं ते वेगळंच. साहेब एक्सेलची शीट स्क्रीनवर टाकतात आणि लगेच बोलायला लागतात. बाकी १३ जण डोळ्यांनी शीट बघतात, कानांनी ऐकतात. तुमच्याकडे फक्त डोळे. शीट बघाल तर दुभाषी सुटतो, दुभाषी बघाल तर शीट. मी अशा मीटिंगांत दुभाषी म्हणून बसले आहे आणि समोरच्या माणसाची नजर चेंडूसारखी इकडून तिकडे जाताना पाहिली आहे. त्यावर उपाय पैशांचा नाही : शीट आदल्या दिवशी पाठवा, मीटिंगमध्ये आधी दाखवा, पाच सेकंद थांबा, मग बोला. बोलणाऱ्यानं आधी हात वर करून नाव सांगावं. एवढं केलं की बाकीच्या १३ जणांचीही मीटिंग सुधारते, हे मी अनुभवानं सांगते. मीटिंग तासाभराची असेल तर दुभाषी दोन हवेत. २०-२५ मिनिटांनंतर डोकं थकतं आणि चुका व्हायला लागतात, मग त्याचा तोटा तुम्हाला.

साहेब 'नियमात कुठे आहे' म्हणाले तर दोन गोष्टी सांगा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण करायचं असतं. तुमच्या कंपनीचं धोरण लेखी मागा. दुसरी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाची. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील ऑनलाइन सुनावणीला हजर राहिल्या, सोबत सांकेतिक भाषेचे दुभाषी होते. दुभाष्याची चौकट पूर्ण वेळ चालू ठेवायला कंट्रोल रूमनं सुरुवातीला नकार दिला होता. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी परवानगी दिली, आणि पुढच्याच महिन्यात न्यायालयानं स्वतःहून दुभाषी नेमला. मी ती बातमी वाचली तेव्हा रिक्षात होते, रिक्षा थांबवून दोन मैत्रिणींना पाठवली. जिथे अडलं होतं ती जागा बघा : कायद्यात नाही, कंट्रोल रूममध्ये. तुमचंही तिथेच अडलंय. आधी मीटिंग चालवणाऱ्या त्या एका माणसाशी बोला.

प्रश्न : माझे मिस्टर कर्णबधिर आहेत. खात्याची केवायसी व्हिडिओवर करायची होती. मी शेजारी बसून खुणांनी सांगत होते तर समोरच्या मुलीनं 'बाजूला कोणी नको' म्हणून तीनदा कॉल कापला. मग त्यांना एकटं बसवलं, तर ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवा म्हणाली. आता खातं अडकलंय.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, हेच माझ्या आईच्या बाबतीत घडलं आहे, त्यामुळे तुमचा संताप मला ठाऊक आहे. शेजारून कुणी उत्तरं सांगत असेल तर प्रक्रिया थांबवायची, ही अट फसवणूक टाळायला आहे आणि ती चांगलीच आहे. पण दुभाष्यानं प्रश्न पोचवणं म्हणजे उत्तर सांगणं नव्हे. हा फरक त्या मुलीला कुणी शिकवलेला नाही.

शाखेत जाऊन व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या : ग्राहक कर्णबधिर आहे, प्रश्न चॅटमध्ये लिहून विचारावेत किंवा पाटीवर लिहून दाखवावेत, ओटीपी टाईप करू द्यावा, नाहीतर केवायसी शाखेतच समोरासमोर करून द्यावी. अर्जाची पोच घ्या. अर्जात ३० एप्रिल २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा उल्लेख करा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना केवायसीत डोळे मिचकावून दाखवायला सांगत होते, त्यावरून ते प्रकरण उभं राहिलं. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं त्यात सांगितलं.

प्रश्न : मी कर्णबधिर. नवरा पण. मुलगी ऐकते. वय ९. मला छातीत गाठ. मोठे डॉक्टर मुंबईत, व्हिडिओवर बोलतात. मुलगी खुणा करून मला सांगते. सासूबाई म्हणतात मुलगी फार हुशार. मुलगी रात्री रडते. बरोबर की चूक?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्यासाठी छोटी वाक्यं लिहिते.

चूक. पण चूक तुमची नाही. तुम्हाला दुसरा रस्ता कुणी दाखवला नाही.

मी पण ९ वर्षांची होते. १९८३ साल. आमच्या घरी फोन नव्हता. समोरच्या वाड्यात वकिलांकडे होता. काळा, जड. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. फोनवर आत्या होती. ती रडत होती. म्हणाली, आजोबा गेले, बाबांना सांग. मी रस्ता ओलांडला. बाबा छापखान्यातून नुकते आले होते. ते अक्षरांचे खिळे जुळवायचे. बोटांना शाई होती. ते साबणानं हात धूत होते. मी त्यांच्या समोर उभी राहिले. मला 'आजोबा' ची खूण येत होती. 'गेले' ची खूण येत होती. पण हात वर होईनात. बाबांनी माझा चेहरा बघितला आणि ओल्या हातांनीच विचारलं, काय? मग मी खूण केली. मी छोटी केली. अगदी छोटी, पोटाजवळ. त्यांना नीट दिसली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मला पुन्हा करावी लागली.

वकिलांच्या बायकोनं मला लाडू दिला. म्हणाली, किती शहाणी मुलगी. मी तो लाडू खाल्ला नाही. आज मी हे काम पैसे घेऊन करते, शिकून करते, आणि डॉक्टरांचा कॉल झाला की घरी येऊन अर्धा तास गप्प बसते. ९ वर्षांच्या मुलीनं ते कुठे ठेवायचं?

आणखी एक गोष्ट. मुलं सगळं सांगत नाहीत. आईला भीती वाटेल म्हणून शब्द गाळतात. मीही गाळले आहेत. तुमच्या गाठीबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते पूर्ण तुम्हाला कळायला हवं.

आता काय करायचं ते सांगते. डॉक्टरांना आज मेसेज पाठवा : 'मी कर्णबधिर आहे. मुलगी लहान आहे. ती दुभाषी नाही. मोठा दुभाषी कॉलवर येईल.' तपासणीचे कागद आणि औषधांची नावं लिहून मागा. कॉलमध्ये तीन चौकटी असतील : तुम्ही, डॉक्टर, दुभाषी. दुभाषी तुमच्या घरी यायची गरज नाही. तो कुठल्याही गावातून जोडला जातो. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्रानं व्हिडिओ रिले सुरू केलं आहे. त्यात तुम्ही दुभाष्याशी खुणांनी बोलता, दुभाषी डॉक्टरांशी आवाजात बोलतो. त्यांच्या वेळा आधी बघून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. तिथे सांकेतिक भाषेचं काम चालतं, दुभाष्यांची चौकशी करता येईल.

कॉलच्या वेळी मुलीला खेळायला पाठवा. दार लावून घ्या. कॉल झाल्यावर तिला तुम्हीच बोलवा आणि तुमच्या हातांनी सांगा, डॉक्टर काय म्हणाले. तिला झेपेल तेवढंच.

पुढचा कॉल कधी आहे ते मासिकाच्या पत्त्यावर आजच कळवा. दुसरं कुणी मिळालं नाही तर मी येते. पैसे नकोत. संध्याकाळी सहानंतर मी मोकळी असते.